गणित प्रश्नपत्रिकेतील सूचनाशब्द

गणित प्रश्नपत्रिकेतील सूचनाशब्द म्हणजे विद्यार्थ्याने दिलेल्या माहितीवर नेमकी कोणती क्रिया करावयाची आहे हे सांगणारी आज्ञार्थी क्रियापदे व पदबंध होत. काढा, सोडवा, सरळ रूप द्या, ठरवा, पडताळा पाहा, सिद्ध करा, रचना करा ही त्यांची प्रचलित उदाहरणे आहेत. उत्तराचे स्वरूप कसे असावे आणि उत्तर कोठे पूर्ण होते, हे सूचनाशब्दावरून ठरते. त्यामुळे आकडेमोड अचूक असूनही सूचना चुकीची समजल्यास विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

== परीक्षेतील स्थान ==
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत, २०१८ साली लागू झालेल्या पाठ्यपुस्तकांवर आधारित आराखड्यानुसार, गणित भाग १ (बीजगणित) व गणित भाग २ (भूमिती) अशा प्रत्येकी ४० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. प्रत्येकीस दोन तासांचा अवधी असतो. बहुपर्यायी प्रश्नांपासून ४ गुणांच्या उपप्रश्नांपर्यंत प्रत्येक गटात सूचनेचे स्वरूप बदलते. 'कृती पूर्ण करा' या प्रकारात पायऱ्या छापलेल्या असतात व केवळ चौकटी भरावयाच्या असतात. यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यातील शाळा मंडळाच्या अमरावती विभागात येतात.

== प्रमुख सूचनाशब्द ==

=== काढा ===
मराठीत या एका शब्दाचे गणितात दोन अर्थ होतात. '३ सेमी त्रिज्येचे वर्तुळ काढा' येथे आकृती अपेक्षित आहे, तर '३ सेमी त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ काढा' येथे संख्या अपेक्षित आहे (पाय = ३.१४ घेतल्यास २८.२६ चौसेमी). इंग्रजीत या दोन क्रियांसाठी 'ड्रॉ' व 'फाइंड' असे वेगळे शब्द आहेत. मराठीत मात्र अर्थ क्रियापदावरून नव्हे, तर त्याच्या कर्मावरून ठरतो.

=== सोडवा आणि सरळ रूप द्या ===
समीकरण सोडवणे म्हणजे चलाच्या ज्या किमतींनी ते सत्य ठरते त्या शोधणे. क्ष² − ५क्ष + ६ = ० या समीकरणाची उकल क्ष = २ किंवा क्ष = ३ ही आहे. राशीला सरळ रूप देताना मात्र चलाची किंमत शोधायची नसते. (क्ष² − ९) ÷ (क्ष − ३) या राशीचे सरळ रूप क्ष + ३ हे आहे (क्ष ≠ ३). येथे राशीपुढे '= ०' लिहिल्यास मूळ प्रश्नच बदलतो.

'कोणतेही दोन उपप्रश्न सोडवा' या सूचनेत सोडवा याचा अर्थ केवळ 'उत्तर लिहा' असा असतो. त्या उपप्रश्नांत सिद्धता किंवा रचनाही असू शकते.

=== ठरवा ===
'मुळांचे स्वरूप ठरवा' या सूचनेत मुळे काढण्याची आवश्यकता नसते. वरील समीकरणाचा विवेचक २५ − २४ = १ आहे. तो शून्यापेक्षा मोठा असल्याने मुळे वास्तव व असमान आहेत, एवढा निष्कर्ष पुरेसा असतो.

=== पडताळा पाहा आणि सिद्ध करा ===
दोन क्रमागत विषम संख्यांच्या बेरजेस ४ ने भाग जातो, हे विधान घेता येईल. ३ + ५ = ८, ७ + ९ = १६, ११ + १३ = २४ हा पडताळा झाला. असे कितीही पडताळे जमवले तरी सिद्धता होत नाही. (२न − १) + (२न + १) = ४न ही मांडणी प्रत्येक पूर्णांक न साठी खरी असल्याने ती सिद्धता ठरते. भूमितीत सिद्धता पक्ष, साध्य, आवश्यक तेथे रचना आणि सिद्धता या क्रमाने लिहितात. जे साध्य आहे तेच गृहीत धरून सुरुवात करणे हा तर्कदोष होय.

== अटदर्शक पदबंध ==
सूचनाशब्दासोबत अनेकदा पद्धतीची अट असते. वर्तुळावरील बिंदूतून स्पर्शिका 'केंद्राचा उपयोग करून' काढताना त्रिज्येला लंब काढतात. 'केंद्राचा उपयोग न करता' अशी अट असल्यास स्पर्शिका-छेदिका कोन प्रमेयाचा आधार घ्यावा लागतो. दोन्ही रीतींनी तीच रेषा मिळते, परंतु एक रीत दुसरीची अट पूर्ण करीत नाही. 'आलेख पद्धतीने', 'सूत्राचा वापर करून' हे पदबंधही याच प्रकारचे आहेत.

== भाषिक पार्श्वभूमी ==
यवतमाळ जिल्ह्यात वऱ्हाडी बोलीबरोबरच बंजारा, गोंडी व कोलामी या भाषा घरांत बोलल्या जातात. दहावीच्या परीक्षेत यांपैकी कोणतीही माध्यमभाषा नाही. त्यामुळे मराठी माध्यमातील अशा विद्यार्थ्यांना गणितासोबत प्रमाण मराठीतील सूचनाही समजून घ्यावी लागते. हे शब्द रोजच्या व्यवहारातही वेगळ्या अर्थाने वापरले जातात: सोयाबीन काढतात, गाठ सोडवतात, झाडावरची फळे पाडतात. 'अवयव पाडा' या सूचनेत पाडणे म्हणजे राशीचे गुणाकाररूपात विभाजन करणे होय. शब्द ओळखीचा असल्याने त्याचा पारिभाषिक अर्थ वेगळा शिकवण्याची गरज सहज दुर्लक्षित राहू शकते.

== इतर परीक्षा पद्धतींत ==
इंटरनॅशनल बॅकलॉरिएट व केंब्रिज या परीक्षा पद्धतींच्या अभ्यासक्रमांत सूचनाशब्दांची अर्थासह यादी दिलेली असते. बॅकलॉरिएटच्या गणितात 'यावरून' या अर्थाच्या सूचनेत आधीच्या उपप्रश्नाचे उत्तर वापरणे बंधनकारक असते, तर 'यावरून किंवा अन्य रीतीने' अशी सूचना असल्यास विद्यार्थ्यास दुसरी रीतही निवडता येते.

== हे सुद्धा पहा ==
* महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ
* बालभारती
* वर्गसमीकरण