आधी रक्तदाब की आधी मूत्रपिंड?



मी हमाल-कामगारांत वावरणारा माणूस. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण ग्रंथालयात आणि संपाच्या मांडवात झाले. असा मनुष्य वैद्यकाच्या इतिहासावर काय बोलणार, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. तो रास्त आहे. परंतु हा विषय मी निवडला नाही. एका माणसाच्या दुखण्याने तो माझ्यापुढे आणून ठेवला.

आमच्या संघटनेत एक हमाल होता. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, परभणीच्या मोंढ्यात पोती वाहण्यात हयात गेलेली. पायांवर सूज आली, दम लागू लागला. तो म्हणे, धुळीची बाधा आहे. अखेर दवाखान्यात दंडाला पट्टा बांधला, तेव्हा वरचा रक्तदाब दोनशेच्या पुढे निघाला आणि रक्ताच्या तपासणीत दोन्ही मूत्रपिंडे निकामी होत आलेली आढळली. मी डॉक्टरांना विचारले, "रक्तदाबाने मूत्रपिंडे गेली, की मूत्रपिंडांमुळे रक्तदाब चढला?" ते म्हणाले, "आता ते सांगणे कठीण आहे." मला ती टाळाटाळ वाटली. पुढे वाचीत गेलो तेव्हा कळले, की याच प्रश्नाशी वैद्यकशास्त्र शंभर वर्षे झगडले आहे.

या हकीकतीचा आरंभ लंडनच्या गाइज इस्पितळात होतो. तेथे रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर होते. अंगावर सूज आलेल्या रोग्यांची लघवी चमच्यात घेऊन ते मेणबत्तीवर तापवीत. अंड्यातील पांढऱ्या भागाप्रमाणे ती पांढरी झाली, की मूत्रपिंडातून प्रथिने गळत आहेत असे ते समजत. असे रोगी दगावल्यावर शवविच्छेदनात त्यांना मूत्रपिंडे आकसलेली व कठीण झालेली दिसत, आणि पुष्कळदा हृदयाचा डावा कप्पा जाड झालेला आढळे. १८३६ साली त्यांनी तर्क मांडला, की रोगट झालेले रक्त सूक्ष्म वाहिन्यांतून ढकलण्यासाठी हृदयाला अधिक जोर लावावा लागत असावा. रक्तदाब मोजण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते. तरीही मूत्रपिंड आणि हृदय यांचे नाते त्यांनी ओळखले. आधी मूत्रपिंड बिघडते, असा या मताचा कल होता.

हे मत उलटे करणारा तरुण त्याच इस्पितळात निघाला. त्याचे नाव फ्रेडरिक अकबर महंमद. हा आपल्याच देशाचा नातू म्हणावा, कारण त्याचे आजोबा शेख दीन महंमद मूळचे पाटण्याचे. नाडीचे ठोके काजळी धरलेल्या कागदावर उमटविणारे यंत्र त्याने विद्यार्थिदशेतच सुधारले. १८७०च्या दशकात त्याने दाखवून दिले, की काही माणसांच्या नाडीचा ताण फार चढलेला असतो, पण लघवीत प्रथिने नसतात. म्हणजे ताण आधी, मूत्रपिंडाची हानी मागाहून! १८८४ साली, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, विषमज्वराने तो गेला.

दंडाला बांधावयाचा पट्टा इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ साली सिद्ध केला. १९०५ साली रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी त्याला कानाने ऐकण्याची रीत जोडली. आता दाब मोजता येऊ लागला. पण मोजणे वेगळे आणि समजणे वेगळे. कारण न सापडणाऱ्या रक्तदाबाला 'इसेन्शियल', म्हणजे आवश्यक, असे नाव पडले. वाहिन्या अरुंद झाल्या तर दाब वाढलाच पाहिजे, तो उतरविणे धोक्याचे, असे मोठमोठे वैद्य मानीत. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० होता. जगातील सर्वांत सामर्थ्यवान राष्ट्राच्या प्रमुखाजवळ सारे होते, पण खात्रीचे औषध नव्हते.

मधल्या काळात, १९३४ साली, अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या धमन्यांना चांदीचे चिमटे लावून त्या अरुंद केल्या. साऱ्या शरीराचा रक्तदाब चढला. रक्त कमी पोहोचलेले मूत्रपिंड रेनिन नावाचे द्रव्य सोडते, हे पुढे स्पष्ट झाले. हे द्रव्य स्टॉकहोममध्ये १८९८ सालीच सापडले होते. पण त्याची आठवण मागे पडली होती. रेनिनमुळे रक्तात आणखी एक द्रव्य तयार होते. ते वाहिन्या आवळते आणि मीठ व पाणी शरीरात अडवून ठेवते.

जायकवाडीचा डावा कालवा आपल्याला ठाऊक आहे. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याची चारी गाळाने भरली, की त्याला पाणी पुरत नाही आणि तो 'वरून पाणी सोडा' म्हणून ओरडतो. वरचा दरवाजा उघडला, की लोंढा येतो आणि चारीचे काठच फोडतो. गाळ तसाच राहतो, पाणी आणखी कमी मिळते, ओरड आणखी वाढते. मूत्रपिंड हा तो टोकाचा शेतकरी. ब्राइट आणि महंमद दोघेही खरे होते! चक्र कोठूनही सुरू होवो, एकदा फिरू लागले की एक दुसऱ्याला ढकलीतच राहते.

हे चक्र थांबविण्याच्या कथेत आपल्या मुंबईचे नाव मानाने घ्यावे लागते. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, असे कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली लिहिले होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रोग्यांवरील अनुभव पद्धतशीरपणे मांडून १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. मग जगाचे डोळे उघडले. १९५७ साली त्यांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. पुढे सर्पगंधेचे औषध मागे पडले, कारण त्याने कित्येकांचे मन खिन्न होई. पण वाढलेला दाब औषधाने उतरविता येतो, हा धीर त्याने दिला.

मूत्रपिंडाच्या त्या ओरडीवर नेमका इलाज मात्र ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून निघाला. त्यातून घडलेले कॅप्टोप्रिल १९८१ साली अमेरिकेत मान्य झाले. १९९३ साली सिद्ध झाले, की मधुमेहाने बाधलेल्या मूत्रपिंडाचा ऱ्हास या औषधाने मंदावतो, आणि तो केवळ दाब उतरल्यामुळे नव्हे. आज त्याच जातीच्या गोळ्या खेड्यातल्या औषधाच्या दुकानातही मिळतात.

मग आमचा हमाल का गेला? कारण या दोन्ही व्याधी मुक्या आहेत. मूत्रपिंडाचे बहुतेक बळ संपेपर्यंत माणूस पोते उचलीत राहतो. वर अंगदुखीसाठी तो रोज वेदनाशामक गोळी घेतो, आणि अशा पुष्कळ गोळ्या रक्तदाबही वाढवितात व मूत्रपिंडालाही इजा करतात. अखेर त्याच्या वाट्याला डायलिसिस आले. २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत गरिबांना ते विनामूल्य मिळू लागले, ही मोठीच गोष्ट. पण आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास यंत्राला जखडलेल्या माणसाची मजुरी कोण देणार? दीड वर्षाने तो गेला.

पोत्याचे वजन पन्नास किलोवर आणावे म्हणून आम्ही भांडलो, हमालीच्या दरासाठी मोंढा बंद ठेवला. त्याचा मला अभिमान आहे. परंतु वीस वर्षांत त्या माणसाच्या दंडाला एकदाही पट्टा बांधला गेला नाही, आणि तो बांधावा असे आम्हां पुढाऱ्यांना सुचले नाही. हा दोष मी दुसऱ्या कोणावर टाकीत नाही.

आता आमच्या कचेरीत रक्तदाबाचे यंत्र ठेवले आहे. हप्ता घ्यायला येणाऱ्याने आधी बाही वर करावयाची, असा नियम आहे. जास्त दाब निघाला तर लघवी व रक्ताची तपासणी करून घेण्यास त्याला सोबत देऊन रुग्णालयात पाठवितो. आधी कोण बिघडले, हा वाद विद्वानांनी शंभर वर्षे घातला. आपल्याला तो सोडविण्याची गरज नाही. चक्र फिरू लागण्यापूर्वी हात पुढे केला म्हणजे पुरे. आपण सर्वांनीही या आठवड्यात तो करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.