कीटकनाशक विषबाधा : रुग्ण वाचणे कशावर अवलंबून असते?

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि त्यात अनेकांचा मृत्यू झाला. रुग्ण बरा होणे पुढील बाबींवर अवलंबून असते.

१) औषधाचा प्रकार : लेबलवरील त्रिकोण लाल असल्यास औषध सर्वाधिक विषारी, त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा. मात्र केवळ रंगावर विसंबू नये. पॅराक्वाट या तणनाशकाच्या विषबाधेवर उतारा उपलब्ध नाही.

२) मार्ग व मात्रा : पोटात गेलेले विष सर्वांत घातक. फवारणीत ते प्रामुख्याने त्वचेतून व श्वासातून शरीरात जाते. पंप गळून भिजलेले कपडे अंगावर राहिल्यास विष शोषले जातच राहते. कपडे लगेच काढून अंग साबण व भरपूर पाण्याने धुवावे. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत.

३) उपचारापर्यंतचा वेळ : मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारख्या ऑरगॅनोफॉस्फेट औषधांच्या बाधेत लाळ गळणे, घाम, उलटी, बाहुल्या बारीक होणे, छाती भरून येणे ही लक्षणे दिसतात. मृत्यू बहुधा श्वास बंद पडल्याने होतो. त्यामुळे ॲट्रोपिन व कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय वेळेत मिळणे निर्णायक ठरते.

४) औषधाची ओळख : प्रत्येक विषावरील उपचार वेगळा असतो. एकत्र मिसळलेल्या सर्व औषधांचे डबे किंवा लेबल डॉक्टरांना दाखवावे. रिकामा डबा फवारणी संपेपर्यंत फेकू नये.

५) चुकीचे घरगुती उपाय : मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नये, ती फुफ्फुसात जाऊ शकते. बेशुद्ध रुग्णाला तोंडाने काहीही देऊ नये, कुशीवर झोपवावे.

६) लवकर घरी नेणे : ऑरगॅनोफॉस्फेट बाधेत रुग्णाला बरे वाटू लागल्यावरही साधारण १ ते ४ दिवसांत मान व श्वासाचे स्नायू अचानक दुबळे होऊ शकतात. उशीवरून मान उचलता न येणे ही धोक्याची खूण आहे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय रुग्णाला घरी नेऊ नये.

फवारणी एकट्याने करू नये. त्रास जाणवताच काम थांबवून १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.