वेगाचा पुरावा

चेन्नईच्या दक्षिण अंगाला वेलचेरी नावाची जुनी वस्ती आहे. तळे आणि देवळे ही तिची पूर्वीची ओळख. २००७ साली शहराची उन्नत आगगाडी येथवर पोहोचली आणि २०२१ साली विजयनगर चौकातील दुमजली उड्डाणपुलाचा पहिला भाग वाहतुकीस खुला झाला. वाहनांनी न थांबता जावे यासाठी बांधलेल्या याच पुलावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पुराच्या भयाने रहिवाशांनी आपल्या मोटारी ओळीने उभ्या करून ठेवल्या. त्याबद्दल दंड झाल्याची वार्ता पसरली, तेव्हा दंड केलेला नाही असा खुलासा पोलिसांना करावा लागला. थांबलेल्या गाडीबद्दल खुलासा करणे सोपे असते, कारण ती सर्वांना दिसत असते. धावत्या गाडीचे तसे नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये चेन्नईच्या वाहतूक पोलिसांनी शहरासाठी नव्या वेगमर्यादा लागू केल्या. मोटारीला ताशी ६० किलोमीटर, अवजड वाहनास व दुचाकीस ५०, रिक्षाला ४०, आणि निवासी वस्तीत सर्वांनाच ३०. आकडा फलकावर लिहिणे कठीण नाही. तो न्यायालयात सिद्ध करणे कठीण आहे. चोरीचा माल पंचनाम्यात दाखविता येतो, दारूची बाटली लाखबंद करता येते. वेग मात्र घडतो आणि त्याच क्षणी नाहीसा होतो. उरते ती पाहणाऱ्याची आठवण. या आठवणीवर विसंबून एखाद्या नागरिकास शिक्षा द्यावी काय, हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. आणि वेगाच्या कायद्याचा इतिहास हा पुष्कळ अंशी या एका प्रश्नाचा इतिहास आहे.

मोटार येण्यापूर्वी कायद्याला आकड्याची गरज नव्हती. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या २७९ व्या कलमाने सार्वजनिक रस्त्यावर उतावळेपणाने किंवा हयगयीने वाहन हाकणे हा गुन्हा ठरविला आणि त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. त्या वेळी डोळ्यांपुढे होती ती घोडागाडी. घोडा उधळला की तो सगळ्या बाजाराला दिसे. किती मैलांनी धावला, हे विचारण्याचे कारण पडत नसे.

मोटारीने ही स्थिती बदलली. इंग्लंडात २८ जानेवारी १८९६ रोजी केंट परगण्यातील पॅडक वुड या गावातून वॉल्टर अर्नोल्ड नावाचा गृहस्थ ताशी आठ मैलांनी मोटार हाकीत गेला. गावातील मर्यादा होती दोन मैलांची, आणि गाडीपुढे एक माणूस पायी चालावा असा नियम होता. एका पोलिसाने सायकलवरून सुमारे पाच मैल पाठलाग करून त्याला गाठले. त्याच्यावर चार आरोप ठेवण्यात आले. त्यांपैकी अतिवेगाबद्दलचा दंड होता एक शिलिंग. रक्कम क्षुल्लक होती, परंतु या खटल्याबरोबर न्यायालयात एक नवीन प्रकारचा गुन्हा आला. आरोपीने कोणास दुखविले नव्हते, काही मोडले नव्हते. त्याने केवळ एक आकडा ओलांडला होता.

१९०३ च्या मोटार कायद्याने ब्रिटनमध्ये ताशी वीस मैलांची मर्यादा घातली आणि त्याच कलमात आरोपीच्या बाजूने दोन अटी घातल्या. केवळ एका साक्षीदाराच्या मतावरून मर्यादा ओलांडल्याचा दोष सिद्ध मानू नये, ही पहिली. जागच्या जागी समज दिली नसेल, तर खटल्याची सूचना फार तर एकवीस दिवसांच्या आत मिळालीच पाहिजे, ही दुसरी. तीन आठवड्यांनंतर, अमुक दिवशी अमुक वळणावर आपण किती वेगाने गेलो, हे कोणाला आठवणार? बचाव करावयाचा तर आठवण ताजी हवी, हे तत्त्व त्या अटीत आहे.

हिंदुस्थानात आधी प्रांतांचे वेगवेगळे कायदे होते. १९१४ साली सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू होणारा पहिला मोटार कायदा झाला. त्याची जागा १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने घेतली. या कायद्याच्या ११५ व्या कलमात अतिवेगास मुळात शंभर रुपयांपर्यंत दंड होता. त्याच कलमात, ब्रिटिश कायद्यातील पहिली अट अधिक नेमक्या शब्दांत उतरली. वाहन बेकायदा वेगाने जात होते असे एकाच साक्षीदाराचे मत असेल, तर केवळ तेवढ्यावर आरोपीस दोषी ठरविता येणार नाही. ते मत यांत्रिक साधनाच्या मोजमापावर आधारलेले आहे असे दाखविले पाहिजे.

खटला चालविण्याची रीतही या कायद्याने सोपी केली. किरकोळ गुन्ह्यांत आरोपीने न्यायालयात येण्याऐवजी टपालाने गुन्हा कबूल करावा आणि समन्सात नमूद केलेली रक्कम पाठवून द्यावी, अशी सोय १३० व्या कलमात होती. पुढे १९८८ च्या कायद्यात हीच सोय २०८ व्या कलमात आली. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे वाहतुकीच्या खटल्यांसाठी आभासी न्यायालय सुरू झाले. त्याचे उद्घाटन करणारे तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे हे स्वतः नागपूरचे. तमिळनाडूतही असे न्यायालय आहे. दूरध्वनीच्या पडद्यावर दंड भरणारा आजचा वाहनचालक म्हणजे १९३९ च्या टपालाने कबुली धाडणाऱ्या मोटारवाल्याचाच वारस होय. कबूल नसेल तर न्यायाधीशापुढे उभे राहून पुरावा मागण्याचा हक्क तेव्हा होता, आणि आभासी न्यायालयाच्या पद्धतीतही तो राखलेला आहे.

पुराव्याचा आग्रह केवळ दंडाच्या खटल्यांपुरता राहिला नाही. कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या १९९८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे मालमोटारीने घडलेल्या प्राणहानीचा प्रश्न होता. साक्षीदार सांगत होते की गाडी 'जोराने' चालली होती. न्यायालयाने म्हटले की जोर हा शब्द सापेक्ष आहे. त्याचा अर्थ साक्षीदारांनी सांगितलेला नाही, आणि केवळ त्या शब्दावरून उतावळेपणा वा हयगय सिद्ध होत नाही. आरोपीची मुक्तता कायम राहिली. गेलेल्या माणसांच्या नातेवाइकांना हा न्याय कठोर वाटला असेल. परंतु शब्दावर शिक्षा देऊ लागले, तर ती निर्दोषालाही होईल, ही न्यायालयाची काळजी खोटी म्हणता येणार नाही.

दुसऱ्या बाजूला पारड्यात काय आहे, तेही पाहिले पाहिजे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांपैकी शंभरातील सुमारे एकाहत्तर मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात नोंदविलेले आहेत. अपघातांच्या संख्येत त्या वर्षी तमिळनाडू सर्व राज्यांत पुढे होते. ही सारणी पोलिसांच्या नोंदींवरून बनते; तीतील प्रत्येक वेग कोणी यंत्राने मोजलेला नसतो, म्हणजे तीही काही अंशी मतावरच उभी आहे. तथापि पदार्थविज्ञान मताची वाट पाहत नाही. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. निवासी वस्तीत ३० आणि मोठ्या रस्त्यावर ६० यांतील अंतर फलकावर दुपटीचे दिसते, देहावर ते चौपटीचे असते.

मद्रास उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये हाच विचार पुढे ठेवला. अपघाताने कायमचे अपंगत्व आलेल्या एका व्यक्तीच्या नुकसानभरपाईचे प्रकरण समोर असता न्यायालयाने भरपाई वाढविली आणि द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा देणारी केंद्राची २०१८ ची अधिसूचनाही रद्द ठरविली. कोइम्बतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन यांनी २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेमुळेही रस्तासुरक्षेचे अनेक आदेश निघाले.

२०१९ च्या दुरुस्तीने हे दोन्ही प्रवाह एकत्र आणले. १९८८ च्या कायद्यातील चारशे रुपयांचा दंड हलक्या वाहनास एक ते दोन हजार आणि मध्यम वा अवजड वाहनास दोन ते चार हजार झाला. पुन्हा गुन्हा घडल्यास परवाना अडकवून ठेवण्याची तरतूद आली. एका साक्षीदाराची अट मात्र गेली नाही. 'यांत्रिक' या शब्दापुढे 'किंवा इलेक्ट्रॉनिक' एवढीच भर पडली. त्या दोन शब्दांनी रडार आणि कॅमेरा यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात अधिकृत जागा मिळाली. ऑगस्ट २०२१ च्या नियमाने या नव्या साक्षीदारावरही बंधने घातली. यंत्रास मान्यतेचा दाखला हवा आणि तो दरवर्षी नवा हवा. कॅमेरा असल्याचा फलक आधी दिसावा. गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांच्या आत पाठवावी. प्रकरण निकालात निघेपर्यंत नोंद जपून ठेवावी. १९०३ चे एकवीस दिवस येथे पंधरा झाले आहेत.

या कलमात आणखी एक तरतूद १९३९ पासून चालत आली आहे, आणि तिची आठवण क्वचितच होते. मर्यादा मोडल्याशिवाय पुरा होणार नाही असा प्रवासाचा वेळ जो कोणी वेळापत्रकात छापील किंवा चालकास फर्मावील, त्याच्याविरुद्ध ते वेळापत्रकच सकृद्दर्शनी पुरावा ठरते. त्या काळी बसच्या मालकांना आळा घालण्यास ती उपयोगी होती. आज वेलचेरीच्या गल्ल्यांतून घरोघर जेवण पोहोचविणारा तरुण घड्याळाकडे पाहत दुचाकी हाकतो, तेव्हा त्या घड्याळाचा मालक कोण, हे विचारण्याचे साधन कायद्याने कधीच देऊन ठेवले आहे. २०१९ नंतर तर आपल्या नोकरास अतिवेगाने जाण्यास लावणारा मालक चालकाच्याच बरोबरीने त्याच दंडास पात्र आहे. कॅमेऱ्याला गाडीचा क्रमांक दिसतो, हुकूम दिसत नाही. तो शोधण्याचे काम अजून माणसालाच करावे लागते.