उपवास, प्रार्थना आणि भाकरी

उपवास म्हटला की आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे प्रथम एकादशी उभी राहते, नाही तर नवरात्र. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्यानजीक केळापूर येथे जगदंबेचे देवस्थान आहे. नवरात्रात तेथे उपवास धरलेल्या भाविकांची रीघ लागते. ह्याच जिल्ह्यात, खुद्द यवतमाळास, अमेरिकेतील फ्री मेथडिस्ट पंथाच्या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपले ठाणे केले. पुढे 1953 पासून 1983 पर्यंत ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकविणारी युनियन बिब्लिकल सेमिनरीही तेथेच होती. एकाच जिल्ह्यात दोन धर्मांचे उपवास शेजारी शेजारी नांदले. पैकी एकाची ओळख सर्वांस आहे, दुसऱ्याची फार थोड्यांस. म्हणून ख्रिस्ती जीवनात उपवासाचे व प्रार्थनेचे प्रयोजन काय, ह्याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

ह्या विचाराची मुळे यहुदी धर्मात आहेत. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील अठ्ठावन्नाव्या अध्यायात उपवास करून मजुरांस राबविणाऱ्या लोकांची कडक हजेरी घेतलेली आहे. भुकेल्यास अन्न द्यावे, निराश्रितास घरात घ्यावे, जुलमाच्या बेड्या तोडाव्या, हाच देवास मान्य असा उपवास, असा त्या अध्यायाचा आशय आहे. येशूने डोंगरावरील प्रवचनात दुसरी अट घातली: उपवास लोकांस दिसू नये आणि प्रार्थना दार लावून करावी. पहिली अट उपवासास शेजाऱ्याच्या घराकडे नेते, दुसरी मनाच्या आतल्या खोलीत. ख्रिस्ती उपवासाचा पुढील सारा इतिहास ह्या दोन अटी एकदम पाळण्याच्या धडपडीचा इतिहास होय.

दुसऱ्या शतकातील ‘हर्मासचा मेंढपाळ’ नामक ग्रंथात तर हिशेबच सांगितला आहे. उपवासाच्या दिवशी वाचलेल्या अन्नाची किंमत काढावी आणि ती विधवेस, अनाथास अथवा गरजूस द्यावी. चौथ्या शतकापर्यंत ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांचा उपवासकाळ रूढ झाला. पुढे नियम वाढले, त्यांबरोबर सवलती आल्या, आणि उपवास हे पुण्याचे नाणे समजले जाऊ लागले. 1522 साली झुरिक येथे एका मुद्रकाच्या घरी भर उपवासकाळात मांस खाल्ले गेले. त्यावरून उठलेला वाद हा तेथील धर्मसुधारणेचा आरंभ मानला जातो. सुधारकांनी उपवास मोडीत काढला नाही. त्याने देवाची कृपा विकत घेता येते ही समजूत मात्र नाकारली. अठराव्या शतकात जॉन वेस्ली ऑक्सफर्ड येथे असता दर बुधवारी व शुक्रवारी उपवास करीत. यवतमाळास आलेले मिशनरी ह्याच वेस्लीच्या परंपरेतले.

परंतु ह्या प्रश्नाचा मराठी भाषेतील खरा कस पाहावयाचा तर पंडिता रमाबाईंच्या चरित्राकडे वळले पाहिजे. 1858 साली जन्मलेल्या रमाबाई अनंतशास्त्री डोंगरे ह्यांच्या कन्या. 1870 नंतरच्या दशकात दक्षिणेतील दुष्काळात हे विद्वान कुटुंब अन्नान्न झाले. मजुरी करावी तर सवय नाही, भीक मागावी तर अभिमान आडवा येई. त्यांनी तीर्थे केली, उपवास केले, सहस्रनामांची पारायणे केली. शेवटी वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने निवर्तली. 1907 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी साक्षीत रमाबाईंनी हे सारे सांगितले आहे.

ह्यावरून एका धर्माचा उपवास खोटा व दुसऱ्याचा खरा असा निवाडा कोणी काढील, तर तो आम्हांस मान्य नाही. अनंतशास्त्र्यांची निष्ठा निर्मळ होती, आणि बाह्य व्रतांवर आपल्या संतांनीही कोरडे ओढलेच आहेत. मुद्दा निराळा आहे. ज्याच्या घरी दाणा नाही त्याची उपासमार कितीही मंत्रांनी उपवास होत नाही. उपवासास निवड लागते. ताटात भाकरी असता हात आखडणे लागते.

1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. 1889 मध्ये मुंबईत त्यांनी शारदासदन काढले, ते पुढील वर्षी पुण्यास आणले. तेथे दाराचा प्रश्न उभा राहिला. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, ती दार उघडे ठेवून. काही मुली आपण होऊन येऊन बसत. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर आदी सल्लागारांस हे धर्मनिरपेक्ष संस्थेच्या वचनास बाधक वाटले आणि 1893 साली त्यांनी संबंध सोडला. पालकांचा विश्वास सांभाळणे हे त्या सल्लागारांचे कर्तव्यच होते. रमाबाईंचे म्हणणे असे की, स्वतःच्या घरात आपली श्रद्धा लपवून वागणे त्यांस शक्य नाही. दार लावून प्रार्थना करा ह्या आज्ञेमागे दिखाऊपणाची भीती आहे. रमाबाईंस लपविण्यातच खोटेपणा दिसला. हा पेच आजही सुटलेला नाही, असे आम्हांस वाटते.

1897 च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली व विधवा घेऊन आल्या. त्यांच्याकरिता पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे ‘मुक्ति’ वसले. 1899–1900 चा दुष्काळ आणखी भीषण होता. त्याने वऱ्हाडही होरपळला, आणि केळापूर तालुका त्या वेळी वऱ्हाडातील वणी जिल्ह्यात मोडत असे. त्या दुष्काळानंतर मुक्तीतील संख्या दीड हजारांवर गेली. एवढ्या तोंडांस रोज अन्न पुरविण्याची चिंता रमाबाई प्रार्थनेवर सोपवीत. तरी विहिरी खणणे, शेती, विणकाम व छपाई ही कामे तेथे अखंड चालत. प्रार्थना म्हणजे हातपाय गाळून बसणे नव्हे, हे त्या आश्रमात कोणासही दिसे.

1905 च्या जानेवारीत सुमारे 70 स्त्रिया रोज एकत्र प्रार्थना करू लागल्या. जूनपर्यंत हा आकडा 550 वर गेला. महिनाअखेरीस तेथे जागृतीची लाट उसळली. मुली रडत, पापे कबूल करीत, जेवणाची आठवण न राहता तासन् तास प्रार्थना करीत, असे समकालीन वृत्तांत सांगतात. त्यातील भावनेच्या भराविषयी कोणी शंका घेतली तर ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. तथापि एक गोष्ट विसरू नये. ह्यांतील पुष्कळ मुली काही वर्षांपूर्वी उपासमारीने मरणाच्या दारी गेल्या होत्या. आता समोर वाढलेले ताट असता त्या आपण होऊन उठत होत्या. ज्यांची भूक केवळ नशिबाची होती, त्यांस ती प्रथमच स्वतःच्या इच्छेची झाली.

उपवासाने देवाचे मन वळत नाही. वळते ते उपवास करणाराचे. पोट रिते ठेवल्याने मनात जी जागा होते ती प्रार्थनेसाठी, आणि ताटात जी भाकरी उरते ती शेजाऱ्यासाठी. ‘उपवास’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ जवळ राहणे असा आहे. देवाच्या जवळ राहावयास गेलेला मनुष्य भुकेल्याच्या जवळ पोहोचला नाही, तर त्याची वाट मध्येच कोठेतरी चुकली, असे खुशाल समजावे.