हळदीत वाजणारा ‘बेंजो’ खरा बँजो नाहीच! मग हे वाद्य आलं कुठून?

लग्नसराई सुरू झाली की पनवेल तालुक्यातल्या तळोजा परिसरात हळदीच्या मांडवातून एक धारदार, किणकिणता आवाज हमखास ऐकू येतो. कोळीगीत असो, आगरी गाणं असो किंवा नवं हिंदी गाणं, त्याची चाल हेच वाद्य वाजवतं. सोबत ताशा, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड असतो. रायगड, ठाणे आणि मुंबईत या ताफ्याला ‘बेंजो पार्टी’ म्हणतात. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये रितेश देशमुखला घेऊन ‘बँजो’ हा हिंदी सिनेमा केला, तोही अशाच वादकांवर.

पण ज्याला सगळे बेंजो म्हणतात, तो बँजो नाही.

मग हे वाद्य कोणतं?

अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या बँजोला चामड्याने किंवा प्लास्टिकने मढवलेलं गोल अंग आणि लांब दांडी असते. त्याची मुळं आफ्रिकेत आहेत. आपल्याकडचा बेंजो म्हणजे ‘बुलबुल तरंग’. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या पोलादी तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. एका हाताने बटण दाबायचं, दुसऱ्या हातातल्या पट्टीने तारा छेडायच्या. बटण दाबलं की खालची धातूची पट्टी तारेवर टेकते, तारेचा कंप पावणारा भाग आखूड होतो आणि सूर चढतो. गिटारवर बोट जे काम करतं, ते इथे बटण करतं.

या वाद्याचा पूर्वज जपानी आहे. नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये ‘तायशोगोतो’ हे वाद्य तयार केलं. त्याच वर्षी जपानमध्ये तायशो राजवट सुरू झाली होती, म्हणून हे नाव. पुढे ते भारतात आलं आणि बुलबुल तरंग झालं. बलुचिस्तानात त्याचाच मोठा अवतार ‘बेंजू’ म्हणून वाजवला जातो.

इतकी छोटी पेटी मांडव कशी गाजवते?

मूळ बुलबुल तरंगाचा आवाज एका खोलीपुरता असतो. मांडवात तो पोचतो पिकअपमुळे. इलेक्ट्रिक गिटारमध्ये असतो तोच हा भाग.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांमध्ये अगदी क्षीण वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. म्हणूनच तारा पोलादाच्या हव्यात; नायलॉनच्या तारेवर हा पिकअप मुका राहतो.

योगायोग असा की १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आलेली ‘फ्राइंग पॅन’ ही पहिल्या इलेक्ट्रिक गिटारपैकी एक, तीही मांडीवर आडवी ठेवून वाजवायची होती.

घरी बनवता येतो का?

येतो, आणि हौशी वादकांना यातच खरी गोडी असते. लाकूड, तारा, बटणं, पिकअप आणि एक जॅक एवढं सामान पुरतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांसाठी मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड प्रसिद्ध आहे.

अडचण असते ती मोजमापाची. पट्ट्यांच्या जागा अंदाजाने ठरवल्या तर वाद्य कायम बेसूर राहतं. नियम सोपा आहे: उरलेल्या तारेच्या लांबीला १७.८१७ ने भागायचं. तार ६० सेंटीमीटरची असेल तर पहिली पट्टी ३.३७ सेंटीमीटरवर येते. उरले ५६.६३, त्याला पुन्हा भागलं की दुसरी पट्टी आणखी ३.१८ सेंटीमीटर पुढे. असं बारा वेळा केलं की बरोबर मध्यावर, ३० सेंटीमीटरवर, वरचा सा मिळतो.

पिकअप गुंडाळणं जमत नसेल तर पिझो चकती हा स्वस्त पर्याय आहे. बझरमध्ये असते ती हीच पितळी चकती. ती पेटीला आतून चिकटवली की लाकडाचा कंप टिपते. पण ती साध्या मिक्सरला थेट जोडली तर आवाज पातळ आणि पत्र्यासारखा येतो, कारण तिला साधारण १ मेगाओहम किंवा जास्त इनपुट रोध लागतो. मध्ये ‘टीएल ०७२’सारख्या चिपवर बांधलेला छोटा प्रीॲम्प टाकला की खर्ज परत येतो.

घरच्या सरावाला ‘एलएम ३८६’ ही आठ पायांची चिप पुरते. ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी ही चिप सिग्नल २० पट वाढवते. पहिल्या आणि आठव्या पायात १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर २०० पट.

घरघर आणि धोका

पिकअप तारेचा कंप टिपतो, तसा आजूबाजूच्या वायरिंगमधला ५० हर्ट्झचा विद्युतप्रवाहही टिपतो. म्हणून घरघर ऐकू येते. आतला भाग तांब्याच्या पट्टीने मढवणं, शिल्डेड केबल वापरणं आणि तारा ग्राउंडला जोडणं हे त्यावरचे उपाय.

काही जण घरघर घालवायला ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. हे जिवावर बेतू शकतं. वादकाचा हात सतत धातूच्या तारांवर असतो आणि त्या तारा केबलमधून ॲम्प्लिफायरच्या पत्र्याशी जोडलेल्या असतात. आत बिघाड झाला आणि अर्थिंग नसेल, तर २३० व्होल्ट थेट हातात येतात. मांडवातलं वायरिंग तात्पुरतं, जमीन अनेकदा ओली. त्यामुळे अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरला वीज तोडणारा आरसीसीबी या दोन गोष्टी वाद्याइतक्याच गरजेच्या आहेत.

किती आवाज चालतो?

तळोज्यात जुनी गावं, सिडकोच्या इमारती आणि एमआयडीसी जवळजवळ आहेत. नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रोही धावू लागली. हळद गावची, पण आवाज जातो समोरच्या टॉवरमध्येही. तिथे कुणाची परीक्षा असते, कुणाची सकाळची पाळी.

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सण-उत्सवांच्या जाहीर केलेल्या दिवसांसाठी असते. घरच्या हळदीला ती आपोआप मिळत नाही.

इथे डेसिबलचं गणित वादकांच्या बाजूने आहे. ॲम्प्लिफायरची ताकद दहापट केली तरी वाढतात फक्त १० डेसिबल, आणि कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो. उलट, मोकळ्या जागेत छोट्या स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की सुमारे ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे स्पीकरची भिंत उभी करण्यापेक्षा दोन छोटे स्पीकर नाचणाऱ्यांच्या जवळ, इमारतींकडे पाठ करून ठेवले तर मांडवात तेवढीच मजा येते आणि शेजारी कमी त्रास जातो.

मोठा डीजे लावला की भाव खाते ती साउंड सिस्टीम. बेंजोत मात्र गाण्याची चाल माणसाच्या बोटांतून येते, आणि ती ऐकू यायला भिंती हादराव्या लागत नाहीत.