वर्कफोर्स प्लॅनिंग म्हणजे काय? ऑफर लेटर मिळूनही जॉइनिंग का लांबतं? सोप्या भाषेत

कॅम्पस इंटरव्ह्यू झाला, ऑफर लेटरचा मेल आला, घरी पेढे वाटून झाले. मग महिने जातात, पण जॉइनिंगची तारीख काही येत नाही. "माझं काही चुकलं का?" असा प्रश्न अनेक जण मला विचारतात. बहुतेक वेळा उत्तर "नाही" असंच असतं. उत्तर असतं कंपनीच्या एका हिशेबात. त्यालाच वर्कफोर्स प्लॅनिंग, म्हणजेच मनुष्यबळ नियोजन म्हणतात. चला, आयटी कंपनीचं उदाहरण घेऊन समजून घेऊया.

मनुष्यबळ नियोजन म्हणजे काय?

पुढच्या वर्षी किती माणसं लागतील, कोणत्या कौशल्याची लागतील, त्यातली आपल्याकडे किती आहेत आणि बाकीची कुठून आणायची, हे आधीच ठरवणं म्हणजे मनुष्यबळ नियोजन. हे काम एकटा एचआर विभाग करत नाही. सेल्सवाले नवीन कामाचा अंदाज देतात, प्रोजेक्ट मॅनेजर माणसांची मागणी कळवतात आणि फायनान्स विभाग खर्चाची मर्यादा घालतो.

हे तीन शब्द आधी समजून घ्या

* अ‍ॅट्रिशन: वर्षभरात किती टक्के कर्मचारी कंपनी सोडून गेले.
* बेंच: पगार चालू आहे, पण सध्या कुठल्याही प्रोजेक्टवर नाहीत असे कर्मचारी.
* युटिलायझेशन: १०० पैकी किती जण क्लायंटच्या कामावर आहेत. ८५ जण असतील तर युटिलायझेशन ८५ टक्के.

बेंच मोठा झाला की पगाराचा बोजा वाढतो. बेंच अगदीच रिकामा असेल तर नवीन काम आल्यावर द्यायला माणूसच नसतो. कंपनीची सगळी कसरत या दोन्हींच्या मधे चालते.

हिशेब कसा होतो?

मी एक काल्पनिक कंपनी घेतो. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत.

१. आज प्रोजेक्टवर १,००० लोक आहेत. पुढच्या वर्षी १,१०० लागतील असा अंदाज आहे.
२. अ‍ॅट्रिशन १५ टक्के धरलं, म्हणजे १५० जण सोडून जाणार. एकूण गरज २५०.
३. बेंचवरच्या ४० जणांना ट्रेनिंग देऊन वापरता येईल. उरले २१०.
४. ऑफर दिलेल्यांपैकी ७० टक्केच जॉइन होतात, बाकीचे दुसरीकडे जातात, असा अनुभव आहे. म्हणून २१० जण मिळवायला ३०० ऑफर द्याव्या लागतात.

आता इथेच गंमत आहे. कॅम्पसच्या ऑफर जॉइनिंगच्या कितीतरी महिने आधी दिल्या जातात. मधल्या काळात बाजार थंडावला, तर नवीन काम येत नाही आणि गरज १,००० वरच थांबते. बाहेर नोकऱ्या नाहीत म्हणून कुणी कंपनी सोडत नाही, अ‍ॅट्रिशन १० टक्क्यांवर येतं. म्हणजे गरज फक्त १०० ची. बेंचवरचे ४० वजा केले की उरले ६०. पण दुसरीकडे ऑफरच नसल्यामुळे ३०० पैकी समजा २७० जण जॉइन व्हायला तयार असतात. ६० जागा आणि २७० उमेदवार! मग उरलेल्या २१० जणांना "लवकरच कळवू" असा मेल जातो.

हे खरंच घडलंय का?

टीसीएसचे जाहीर आकडे बघा. २०२१-२२ या आर्थिक वर्षात कंपनीचे कर्मचारी एक लाखाहून जास्त वाढले आणि मार्च २०२२ अखेर संख्या ५,९२,१९५ झाली. सप्टेंबर २०२२ च्या तिमाहीत अ‍ॅट्रिशन २१.५ टक्के होतं. मार्च २०२४ पर्यंत ते १२.५ टक्क्यांवर आलं, आणि त्या एका आर्थिक वर्षात कर्मचारी १३,२४९ ने कमी झाले. जून २०२५ मध्ये कंपनीने नवीन धोरण आणलं: कर्मचाऱ्याने वर्षात किमान २२५ दिवस बिलिंगच्या कामावर असावं आणि बेंचवर ३५ दिवसांपेक्षा जास्त राहू नये. त्यानंतरच्याच महिन्यात सुमारे २ टक्के कर्मचारी कमी करण्याची घोषणाही झाली.

म्हणजे चार वर्षांत भरतीचा पूर आणि ओहोटी दोन्ही दिसले.

मग आपण काय करायचं?

* ऑफर लेटर नीट वाचा. त्यात जॉइनिंगची पक्की तारीख आहे की "व्यवसायाच्या गरजेनुसार" असं लिहिलंय? दुसरं असेल तर तारीख कंपनीच्या हातात आहे.
* ट्रेनिंगनंतरची परीक्षा आणि बाँड यांच्या अटी सही करण्याआधी तपासा.
* तारखेबद्दल फोनवर विचारलं तरी नंतर मेल टाका. लेखी उत्तर जपून ठेवा.
* कंपनी शेअर बाजारात असेल तर तिचे तिमाही निकाल मोबाईलवरच फुकट वाचता येतात. मोठ्या आयटी कंपन्या त्यात कर्मचारी संख्या आणि अ‍ॅट्रिशन देतात. दोन्ही आकडे सतत घसरत असतील तर जॉइनिंगला वेळ लागू शकतो, असं समजा.
* जॉइनिंग होईपर्यंत दुसरे इंटरव्ह्यू बंद करू नका. कंपनी दहा जण जास्त धरून चालते, मग आपण एक पर्याय जास्त ठेवला तर त्यात गैर काय?
* "लवकर जॉइनिंग करून देतो" म्हणत कुणी पैसे मागितले, तर ती सरळ फसवणूक समजा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बेंचवर गेलो म्हणजे नोकरी जाणार का?
लगेच नाही. दोन प्रोजेक्टच्या मधे थोडे दिवस बेंचवर जाणं नेहमीचं आहे. पण ते दिवस मोजले जातात, म्हणून त्या काळात नवीन कौशल्य शिका आणि आतल्या जागांसाठी स्वतःहून अर्ज करा.

जॉइनिंग लांबलं म्हणजे मी नापास झालो का?
नाही. तुमची निवड तुमच्या मार्कांवर झाली होती, तारीख मात्र कंपनीच्या कोष्टकावर ठरते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे घरच्यांनाही समजावून सांगा.