थंड पाणी हेतू विचारीत नाही

कयाक हा शब्द अलीकडे आपल्याकडेही रुळू लागला आहे. गोव्याच्या खाड्यांतून खारफुटी आणि पक्षी दाखविण्यास नेणाऱ्या अरुंद, हलक्या होड्या वाचकांपैकी काहींनी पाहिल्या असतील. इंजिन नाही, धूर नाही, आवाज नाही. निसर्गप्रेमी मंडळींना हे वाहन जवळचे वाटावे, यात नवल नाही. परंतु ही होडी जन्मली ती उपजीविकेसाठी, आणि तीही अशा समुद्रात की जेथे पाण्यात पडणे म्हणजे मृत्यूशी गाठ. तिच्या इतिहासाची ही बाजू फारशी सांगितली जात नाही. म्हणून ती येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

ग्रीनलंडचे इन्युइट शिकारी समुद्राने वाहून आणलेल्या लाकडाचा सांगाडा बांधीत आणि त्यावर सीलचे कातडे ताणून शिवीत. वर एका माणसापुरतेच भोक ठेवलेले असे. शिकारी ‘तुइलिक’ नावाचा कातड्याचा अंगरखा घाली. त्याची खालची कड भोकाच्या काठावर आवळून बसविली आणि चेहरा व मनगटे यांभोवतीचे बंद ओढले, की पाण्यास आत शिरण्यास वाट उरत नसे. होडी उलटलीच, तर बाहेर न पडता वल्ह्याच्या जोरावर पुन्हा सरळ होण्याची विद्या त्याला अवगत असावी लागे. डेव्हिड क्रांत्झ या धर्मोपदेशकाने १७६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रीनलंडच्या इतिहासात या विद्येच्या दहा प्रकारांचे वर्णन आहे. वल्हे हातून सुटले तर काय करावे, भाल्याच्या दोरीत अंग गुरफटले तर काय करावे, याचाही अभ्यास त्यांत होता. होडी, पोशाख आणि विद्या ही तिन्ही मिळून एकच साधन होते, असे आम्हांस वाटते. तरीही कित्येक शिकारी समुद्रावरून परतले नाहीत.

जिनो वॉटकिन्स हा तरुण इंग्रज संशोधक १९३०-३१ च्या मोहिमेत पूर्व ग्रीनलंडमध्ये गेला. इंग्लंड-कॅनडा हवाई मार्गाची पाहणी हा मोहिमेचा उद्देश होता. तेथील शिकाऱ्यांकडून तो ही विद्या शिकला आणि तीत निष्णात झाला. १९३२ मध्ये तो पुन्हा तेथे गेला. २० ऑगस्टला तो एकटाच सीलच्या शिकारीस निघाला. नंतर त्याची रिकामी कयाक पाण्यावर तरंगताना मिळाली. तो मात्र कधीच सापडला नाही. वय अवघे पंचवीस. निष्णाताचीही एकटेपणी ही गत झाली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

थंड पाणी नेमके काय करते, हे पुढे शरीरशास्त्रज्ञांनी उलगडून दाखविले. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी ते सोप्या आकड्यांत बसविले : एक, दहा, एक. पहिले एक मिनिट श्वासाचे. धक्क्याने मनुष्य धापा टाकू लागतो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर तेथेच संपतो. पुढची दहा मिनिटे हातापायांची. त्यानंतर बोटे आज्ञा पाळीत नाहीत. बर्फगार पाण्यात शुद्ध हरपण्यास मात्र सुमारे एक तास लागतो. म्हणजे गारठून मरण्यापूर्वीच पुष्कळजण बुडून मरतात. तरंगते जाकीट हा तास हाती ठेवते. पोशाख हवेकडे पाहून नव्हे, पाण्याकडे पाहून निवडावा, हा नियम यातूनच आला.

हाच नियम आठवावा असा प्रसंग ८ डिसेंबर २०१५ रोजी चिलीत घडला. डग्लस टॉम्पकिन्स हे मूळचे अमेरिकन उद्योजक. गिर्यारोहणाचे सामान व कपडे यांच्या धंद्यात मिळविलेला पैसा त्यांनी पॅटॅगोनियातील जंगले व कुरणे विकत घेण्यात घातला. हेतू एवढाच, की ती जशीच्या तशी राहावीत. जनरल कॅरेरा सरोवरातून निघणाऱ्या बेकर नदीवरील मोठ्या धरणांना त्यांचा विरोध होता. २०१४ मध्ये चिली सरकारने तो प्रकल्प नामंजूर केला. त्याच सरोवरात पाच सोबत्यांसह कयाकने जात असता जोराच्या वाऱ्यात त्यांची दोघांची कयाक उलटली. पाणी सुमारे ४ अंश सेल्सियस. जोडीदार रिक रिजवे वाचले. टॉम्पकिन्स यांना हेलिकॉप्टरने कोयहाइके येथील रुग्णालयात नेले. परंतु शरीर पार गारठून गेले होते. ७२ वर्षांचा, पाण्याशी व पर्वतांशी जन्मभर सलगी केलेला मनुष्य त्याच दिवशी गेला.

त्यांचे कार्य मात्र बुडाले नाही. पत्नी क्रिस्टीन यांनी सुमारे १० लाख एकर जमीन चिलीच्या स्वाधीन केली, आणि जानेवारी २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष मिशेल बाचेलेट यांच्या सहीने नवी राष्ट्रीय उद्याने निर्माण झाली. पुमालिन उद्यानास आज टॉम्पकिन्स यांचेच नाव आहे.

या मृत्यूवरून कोणास दोष देण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. जगाने इन्युइटांकडून होडी घेतली. ती फायबरची केली, रंगीत केली, सुट्टीच्या दिवसाची केली. तिच्यासोबतचा अंगरखा आणि ती विद्या मात्र पुष्कळांनी मागेच ठेवली. शिकाऱ्याचा हेतू पोट भरण्याचा होता, वॉटकिन्सचा संशोधनाचा, टॉम्पकिन्स यांचा निसर्गरक्षणाचा. पाण्याने तिघांनाही एकच हिशेब लावला. आपल्याकडील तरुण आज हिमालयातील बर्फाच्या पाण्याच्या नद्यांत उतरतात. नदी वाचविण्याचा संकल्प करून जाणाऱ्याने तर जाकीट, योग्य पोशाख आणि सोबत यांचा विचार अधिकच करावा. कारण नदीला त्याची गरज उद्याही असणार आहे.